दोन टाचण्यांचा भुंगेरा

४ जून

चि. बारकीस, भरपूर आशीर्वाद.

सोबतची डबी उघडण्याआधी हात धू, चहा लांब ठेव आणि पत्र शेवटपर्यंत वाच. टाचणीवरचा हा काळा भुंगेरा जगात एकच आहे. आमच्या संग्रहालयात 'अनोळखी' लिहिलेल्या खणात तो कोण जाणे कधीपासून पडून होता. तीन वर्षं मी त्याच्या मागे आहे. डोकं लांब नि चिंचोळं, गोगलगायीच्या शंखात घुसवता यावं असं. पाठीवरचे कठीण पंख मात्र रुंद, दाण्यांच्या ओळींचे. असा मेळ माहीत असलेल्या एकाही प्रजातीत नाही. पुढच्या पायांचे पंजे पसरट, म्हणजे नर.

घोडं अडलंय शोधपत्रिकेच्या संपादकांपाशी. नराच्या पोटातल्या प्रजनन अवयवाचं चित्र जोडल्याशिवाय नवी प्रजाती छापणार नाही म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. बाहेरून जुळे वाटणारे भुंगेरे त्या एका अवयवावरूनच वेगळे ओळखता येतात. पण त्यासाठी वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करायचा आणि पोट उघडायचं. माझा हात आता कापतो, हे तुला एकटीलाच सांगतोय. तुमच्या संग्रहालयात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, असं ऐकतो.

भुंगेऱ्याला आईचं नाव द्यायचं ठरलंय, आणि कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिने ते सांगून टाकलंय. जन्मभर लोक तिला 'शिवणवाल्या बाई' म्हणत आले. खरं नाव विचारलं तर शेजारीणसुद्धा अडखळेल. आता ते छापून येणार म्हणून स्वारी खूश आहे. तेव्हा सांभाळून. महिनाअखेर चित्र हवं.

तुझा लोभ मनात असतोच. या वेळी तो हातातही असू दे.

तुझा,
दादा

१३ जून

ती. दादास, साष्टांग नमस्कार.

आधी बस, मग वाच. डबी सुखरूप मिळाली. तुझ्या तीन वर्षांना माझ्या चिमट्याचा धक्का लागायचा, या भीतीने मी ती नुसती बघत राहिले. शेवटी धीर करून पाणी गरम केलं आणि भुंगेरा त्यात सोडला. थोड्या वेळाने त्याच्याभोवतीचं पाणी गढूळ झालं. उचलायला गेले, तर डोकं, छाती आणि पुढचे दोन पाय अलगद सुटून आले.

वाटलं, मोडला आपण. मग भिंगाखाली धरला, तर मोडल्याची खूण कुठेच नाही. सांध्यावर पिवळट डिंकाचं कडं होतं. गळलेला पाय चिकटवायला आपण सगळेच वापरतो तोच, पाण्यात विरघळणारा डिंक.

तरी म्हटलं, गळलेलं डोकं कुणी जपून परत चिकटवलं असेल. म्हणून पोट उघडलं. दादा, पोट मादीचं आहे. पंजे नराचे आणि पोट मादीचं. पुन्हा पुन्हा पाहिलं, बदललं नाही. हे दोन भुंगेरे आहेत. कधीकाळी कुणाच्या पेटीत डोकी गळून पडली असतील आणि त्याने हाताला लागलं ते धडाला लावलं असेल. मागचं धड ओळखू आलं. कुठल्याही बागेत दगडाखाली सापडतो त्या साध्या भुंगेऱ्याचं आहे. पुढचा भाग कुणाचा, ते शोधतेय.

आईला कसं सांगायचं ते तूच ठरव, मला काही सुचत नाही. रागावलास तरी लिही.

तुझी,
बारकी

१९ जून

बारकी,

आशीर्वाद आहेत असं समज.

मी नमुना अखंड पाठवला. तुझ्याकडे पोचल्यावर त्याचे दोन तुकडे झाले. एवढंच मला दिसतं. पाणी किती तापवलं होतंस? मादीचं पोट म्हणतेस. वाळून कोळसा झालेल्या पोटात काय दिसलं नि काय नाही, यात भलेभले फसतात.

आणि समज, तुझंच खरं. तरी ते तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. डिंक तुझ्याकडे आहे, हातही आहे. पुन्हा जोड. पोट आतून पोखरलेलं निघालं असं मी संपादकांना कळवतो. जुन्या नमुन्यांची पोटं बारीक किडे खातातच, कुणी संशय घेणार नाही. मग बाहेरच्या रूपावर छापावंच लागेल त्यांना.

हे मला शोभत नाही, ते माझं मला कळतं. पण परवा आईने विचारलं, की छापलेल्या पानाला चौकट करून मिळते का. तिला काय उत्तर देऊ ते तू सांग. माझं तोंड उतरलेलं बघून तिने खोदून विचारलं, तेव्हा मी म्हणालो की नमुना बारकीच्या हातून मोडला. त्या वेळी तेवढंच सुचलं.

दादा

२१ जून

चि. बारकीस, रागावलेल्या आईचे आशीर्वाद.

दादाने सगळं सांगितलं. दोन दिवस तो धड जेवलेला नाही. लहानपणापासून तुझं असंच, उचलली सुई की घातला टाका. दुसऱ्याची वस्तू हातात असली की जीव मुठीत धरून काम करावं, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. मला स्वतःला काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू. वाटतं. ज्या ज्या बाईला सांगून बसले, तिला आता कुठल्या तोंडाने सांगू?

मला सबबी लिहून पाठवू नकोस. आधी दादाची माफी माग. बाकी तब्येतीला जप.

तुझी,
आई

२७ जून

ती. दादास, नमस्कार, नेहमीसारखाच वाकून.

आईचं पत्र आलं. तुझी माफी मागायला सांगितलंय. मी तिला उत्तर पाठवलेलं नाही. खरं लिहावं तर तू तिच्या मनातून उतरशील, आणि खोटं लिहायला माझा हात वळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं झालंय माझं. खूप रडले, तेही कळव म्हणून कळवते.

डिंक मी कालवला होता. दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहिले. इतके चपखल बसतात की तुझ्यावरचा निम्मा राग तिथेच गेला. मीसुद्धा फसले असते. पण जोडले नाहीत. उद्या तिसरा कुणी त्याला पाण्यात टाकेलच. तेव्हा आईच्या नावापुढे लिहिलं जाईल, की ही प्रजाती कधी नव्हतीच, ती दोन मढ्यांची जोडणी होती. आपल्या धंद्यात खोटं ठरलेलं नाव कुणी पुसत नाही, खोटं म्हणून कायम जपून ठेवतात. हे मला तू शिकवलंस.

पुढचा भाग कुणाचा ते कळलं. फार जुनी प्रजाती आहे, एकाच मादीवरून वर्णन केलेली, पुढे कुणाला दिसलीच नाही. जबड्याचा दात, मानेची खाच, मिशीचं पहिलं पेर, सगळं त्या वर्णनाशी जुळतं. नर आजवर कुणी पाहिलेला नाही. तू तीन वर्षं खऱ्याच दुर्मीळ भुंगेऱ्याकडे बघत होतास, फक्त तो अर्धा होता. त्याला नाव मात्र आधीच दुसऱ्या कुणाचं आहे.

दोन्ही भाग दोन टाचण्यांवर लावून परत पाठवतेय. डिंक तुझ्याकडेही असेल. जे करायचं ते तुझ्या हाताने कर.

लोभ आटला असेल तर तसं लिही, गप्प बसू नकोस.

तुझी,
बारकी

८ जुलै

चि. बारकीस, मागच्या पत्रात राहिलेले धरून दुप्पट आशीर्वाद.

डबी आली तेव्हा मी जोडायलाच बसलो, तुझ्यापासून काय लपवायचं. हात कापत होता, तुकडा निसटत होता. म्हणून भिंगाखाली धरला आणि सांध्याची आतली बाजू पहिल्यांदा दिसली. एकाची कड काळी, दुसऱ्याची तांबूस. आंधळ्यालाही कळावं. डिंक पुसून टाकला आणि संपादकांना सगळं कळवलं: प्रजाती नवी नाही, नमुना दोघांचा आहे, आणि हे माझ्या बहिणीने शोधलं. त्या पहिल्या नरावर टिपण हवंय त्यांना. ते तू लिहायचंस.

मग आईकडे गेलो. ती मशीनवर बसली होती. डिंकाचं सांगितलं, तुला काय करायला सांगितलं होतं तेही सांगितलं. वाटलं, नाव गेलं म्हणून रडेल किंवा मला फाडून खाईल. तिने मशीन थांबवलं आणि एवढंच विचारलं, की बारकीला पाठवलेलं पत्र आता परत कसं आणायचं. ते केव्हाच पोचलं असं म्हणालो. तर म्हणाली, मग तिने मला खरं का नाही लिहिलं.

माझ्या वाटची बोलणी तू खाल्लीस. माफ कर.

दादा

९ जुलै

बारकी, माझ्या बाळा,

आईने लेकीची माफी कशी मागायची ते मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घे. मागचं पत्र फाडून टाक. दादाने सांगितलं आणि मी खरं मानलं. काय झालं गं, एवढं विचारायला मला काय जड होतं? वर तुलाच म्हटलं, सबबी लिहू नकोस.

किड्याचं नाव गेलं ते गेलं. बायका विचारतात, का नाही छापणार? मी सांगते, खोटं होतं ते, माझ्या लेकीने पकडलं. कुठली लेक, म्हणून विचारतात. इतक्या वर्षांत मी तुझ्याबद्दल कुणाला काही सांगितलंच नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

सवड काढून ये. पाण्यात टाकल्यापासून पुढे काय काय झालं, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. मी मधे बोलणार नाही.

लोभ माझाच कमी पडला होता.

तुझी,
आई