तो म्हातारा तुमच्यासारखा बोलतो

बाबा, एका परदेशी म्हाताऱ्याला मी तुमच्या बोलीत बोलायला लावलंय. नाझींच्या छळछावणीतून वाचलेला एक ज्यू माणूस, आणि त्याच्या मुलीने चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली त्याची गोष्ट. त्या पुस्तकाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. त्याचा पहिला मुलगा छावणीतच मेला. पुढे दुसऱ्या देशात, बटाटे सोलता सोलता तो नंतर झालेल्या या मुलीला त्या पोराच्या खोड्या सांगतो, पोट धरून हसतो, आणि मधेच थांबतो.

पहिला खर्डा मी चांगल्या पुस्तकी मराठीत केला आणि बालाघाटला आल्यावर आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हा कोन हाय वं? तहसीलचा बाबू हाय का?" मला हसू आवरेना. पण तिचं खरं होतं. ज्याचं लेकरू गेलं तो असा अर्ज लिहिल्यासारखा कशाला बोलेल?

मग तुम्ही आठवलात. भरवेलीच्या खाणीतून सायकलने येऊन तुम्ही अंगणात हातपाय धुताय, काळं पाणी वाहतंय, आणि मी विचारतेय, दादा कसा होता? माझ्या जन्माआधीच तापाने गेलेला दादा. तुम्ही लगेच सुरू. "अवं, एक दिवस त्यानं माह्या डब्यात माती भरली. खदानीत डबा उघडतो त का! दिवसभर मातीच खोदा अन् खायालेबी मातीच!" तुम्ही हसता, मी हसते, आतून आईही हसते. मग तुम्ही गमछा तोंडावर घेता आणि जरा जास्तच वेळ तोंड पुसत राहता. मी शेजारी बसून राहायची.

पुण्याच्या संपादकांना काळजी होती. "वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की वाचक हसायलाच बसतात. इथे चालेल?" मी म्हटलं, हसू द्या की, तोही हसतोच. पण मनातून टरकले होते. तुमच्या बोलीपायी त्या मेलेल्या पोराची चेष्टा झाली असती तर? म्हणून रविवारी बुद्धविहारात बायकांना वाचून दाखवलं. खोड्यांवर त्या खदखदून हसल्या. मग म्हातारा म्हणतो, "त्याले भूक लागली होती वं. माह्यापाशी काईच नव्हतं." हसू तिथेच थांबलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुढं वाच, बाई." तेच पान मी संपादकांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "असंच छापू." बाबा, मी भर रस्त्यात नाचायची तेवढी बाकी होते!

पुस्तक आता छापायला गेलंय. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, पण एक गोष्ट तुम्हालाच सांगते. शेवटच्या चौकटीत मुलगी गाडीत बसते आणि म्हातारा नुसता हात हलवतो. मूळ पुस्तकात तिथे एक अक्षर नाही. तुम्ही बसस्टँडवर मला दरवेळी म्हणायचात, ते मी त्याच्या तोंडी घातलंय: "पोहोचली की सांगजो वं." संपादकांना वाटतं, ते मूळचंच आहे.