सहावा पेला

५ फेब्रुवारी, बुधवार

साताऱ्याहून पोलिसांचा फोन! संध्याकाळी साडेपाच. मी चहा गाळत होते. "एमएच दहा, मरून रंगाची गाडी तुमचीच ना?" म्हटलं, माझीच, पण ती इथे सांगलीत गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला आहे. पलीकडचा चक्क हसला. "आवं मॅडम, ती हितं आमच्या आवारात हाय. ड्रायव्हर पण हाय. पिलेला."

जोतिबा! अनंतच्या पलटणीत त्याचा सहायक, आणि अनंत मेजर म्हणून निवृत्त झाल्यावर आमच्याच गाडीवर ड्रायव्हर. सकाळी माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "मेमसाब, सर्व्हिसिंगला टाकून येतो." सर्व्हिसिंग सव्वाशे किलोमीटर लांब, आणि तेही दारूत!

चहा ओतून दिला. 

६ फेब्रुवारी

दुपारी आला. दाढी वाढलेली, टोपी हातात. पोलिसांनी नोटीस देऊन सोडलंय. मी विचारलं, साताऱ्यात काय काम होतं? गप्प. का प्यायलास? गप्प. खोटं का बोललास? त्यावर मात्र "चुकलं, मेमसाब."

आमच्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटात खोटं बोलणाऱ्या मुलीचं तोंड साबणाने धुवायचे. साठीच्या माणसाचं काय धुणार? म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, सलाम ठोकला आणि कुंडलला त्याच्या गावी निघून गेला. सलाम कशाला ठोकायचा? मला अजून राग आला.

७ फेब्रुवारी

सकाळच्या एसटीने सातारा. बायकांना अर्धं तिकीट. अपमान मात्र ठाण्यात पूर्ण मिळाला.

हवालदाराचं नाव तानाजी. टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव. गाडीची कागदपत्रं बघून म्हणाला, "हे अनंत कोण तुमचे?"

"मिस्टर."

"मग त्यास्नी पाठवा. गाडी मालकालाच मिळती."

"ते दोन वर्षांपूर्वी वारले."

त्याने कागद उलटून पाहिला. मग, "बरं, मग त्यांच्या सहीचं पत्र तरी आणा."

मी नुसतं बघितलं. सिस्टर बर्नाडेट प्रार्थनेत हसणाऱ्या मुलीकडे बघायच्या, तसं. त्याने वडापाव खणात ठेवला.

त्याला काय बोलणार! छत्तीस वर्षं विमा कंपनीत काढली मी, क्लेमच्या टेबलावर. "बाई, नाव वेळेत का लावून घेतलं नाही?" हे किती जणींना विचारलं असेल. डोळ्यांना पदर लावून बसलेल्यांनासुद्धा. आणखी एक कागद आणा, पुढच्या सोमवारी या. आज माझ्या पर्समध्ये मेलेल्या माणसाच्या नावाची आरसी!

विसरले नव्हते. नाव बदलायचा फॉर्म दोन वर्षं कपाटात पडलाय, भरलेला. लाइट बिल बदललं, गॅस बदलला, घरपट्टी बदलली. दारावरची पाटीसुद्धा लेकाने, मुकुलने पुण्याहून करून आणली, माझ्या नावाची. अनंत अजून कशाचा तरी मालक आहे, अशी ही एकच वस्तू उरली होती. आता ती सोडवायची तर त्याचं नाव काढावं लागणार. नाही काढलं तर पोलिसांच्या आवारात गंजणार. हे सगळं जोतिबाच्या दोन घोटांपायी!

दोन घोट कसले? श्वास तपासायच्या यंत्रावर आकडा एक्क्याऐंशी आला. कायद्याची मर्यादा तीस.

पंचनामा वाचायला मागितला. गाडीत सापडलेल्या वस्तू: रमची बाटली, मिलिटरी कॅन्टीनच्या शिक्क्याची, अर्धी. खारे शेंगदाणे. पेले दोन, एक स्टीलचा, एक काचेचा.

बाटली माझीच! म्हणजे अनंतच्या कोट्यातली. दर महिन्याला मीच रांगेत उभी राहून आणते. एक जोतिबाला, बाकीच्या प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि धाकटे दीर यांना. सांगलीत कॅन्टीनची रम दिसली की नळ त्याच दिवशी दुरुस्त होतो. मी मात्र जन्मात थेंब चाखलेला नाही.

पण पेले दोन. म्हणजे बरोबर कोणीतरी होतं!

८ फेब्रुवारी

बाईच असणार.

९ फेब्रुवारी

रागाच्या भरात शोकेस आवरलं. सोनेरी कडेचे काचेचे पेले पुसून ठेवले. लग्नातला आहेर, अनंतचे लाडके. पाच. सहावा अंबूबाईने गेल्या वर्षी भांडी घासताना फोडला, अजून कबूल करत नाही. माझ्या घरात सगळेच खोटारडे.

११ फेब्रुवारी

पुन्हा सातारा. भाची ज्ञानदा तिथे वकिली करते, तिच्या ऑफिसात बसले. ती म्हणाली, "मावशी, तू वारस म्हणून कोर्टात अर्ज कर. मृत्यूचा दाखला, तुझं प्रतिज्ञापत्र, मुकुलची हरकत नसल्याचं पत्र. कोर्ट गाडी तुझ्या ताब्यात देईल. पण लगेच नाव लावून घेईन असं लिहून द्यावं लागेल."

"लगेच म्हणजे कधी?"

"मावशी, हा प्रश्न तुला कुणी ऑफिसात विचारला असता तर काय म्हणाली असतीस?"

 वकील झाल्यापासून फार बोलते.

जोतिबाचं वकीलपत्रही तिनेच घेतलंय! मी चिडले. म्हणाली, कुणीतरी घ्यायला हवं ना. "बरोबर कोण होतं" हे त्याने तिलाही सांगितलं नाही म्हणे. म्हणजे बाई नक्की.

१४ फेब्रुवारी

ज्ञानदाचा फोन. जोतिबाने कोर्टात उभं राहून पहिल्याच प्रश्नाला "गुन्हा कबूल" म्हटलं. दंड झाला आणि लायसन वर्षभर बंद. न्यायाधीशांनी विचारलं, काही सांगायचंय का? तर म्हणाला, "न्हाई साहेब, खरंच पिलो हुतो."

बरं झालं. तरी जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

गाडी मिळाली. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते.

पोलिसांचं आवार म्हणजे गाड्यांची धर्मशाळा. आमची मरून गाडी दोन चेपलेल्या रिक्षांच्या मध्ये, टपावर लिंबाचा पाला. तानाजी हवालदाराने आठ सह्या घेतल्या आणि म्हणाला, "मॅडम, आता मालक तुमीच." मडक्याला दगड मारायचा राहिला एवढंच.

आणि फाटकाबाहेर जोतिबा उभा! कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, "बॅटरी उतरली आसंल म्हणून आलो. ढकलाय मानूस लागंल." खरंच उतरली होती. त्याने आणि तानाजीने ढकलली, ज्ञानदाने सुरू केली.

मग तानाजीने जप्तीची पिशवी माझ्या हातात दिली. स्टीलचा पेला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुसरा. जोतिबा पटकन म्हणाला, "मेमसाब, त्यो जरा जपून."

कागद काढला. सोनेरी कड! माझा सहावा पेला!

"तू चोरलास?"

"चोरला न्हाई. सायबांचाच हाय."

"बरोबर कोण होती?"

"होती न्हवं. सायेब व्हतं." जमिनीकडे बघत होता. "त्या दिशी सायबांची तिथी व्हती. माघ सुद अष्टमी. वाईला, जितं आपून अस्थी सोडल्या, त्येच्या वरच्या अंगाला बाभळीखाली गाडी लावली. एक पेला माझा, एक त्यांचा. गेल्या साली बी असंच केलं. सायबास्नी स्टीलच्या पेल्यात चालत न्हवतं, तुमास्नी ठावं हाय."

मला ठाऊक होतं. पण मी म्हटलं, "मी एकोणतीस जानेवारीला सगळं केलं की! आश्रमात जेवण दिलं. गाडी तूच चालवलीस."

"त्ये तारकंला. तारीक पगाराला आसती, मेमसाब. मानसाला तिथी."

"मग मला सांगायचं होतंस."

"तुमी म्हनला असता, रम कशाला, पेढा ठेव."

अगदी हेच म्हटलं असतं. हेच शब्द.

"बरं, ठेवलास तर ठेवलास. मग त्यांचा पेला ओतून टाकायचा होता! तोही पिऊन गाडीवर बसलास?"

असा दचकला, जणू मीच प्यायले होते. "कृष्णाबाईत दारू वतू व्हय? आन् सायबांचा पेला मातीत? आमच्यात दाखवलेलं टाकत न्हाईत. घ्यावाच लागतो."

"एवढा मोठा भरायचा कशाला?"

"सायेब ल्हान पेग घेत न्हवतं."

ज्ञानदा तिकडे तोंड करून उभी. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

मी हसले नाही. म्हटलं, घेतलास, मग गाडी तिथेच ठेवून एसटीने यायचं होतं. वाटेत कुणाचं पोर चाकाखाली आलं असतं तर त्याचीही तिथी पाळली असतीस का? त्यावर मात्र त्याची मान जी खाली गेली, ती सांगली येईपर्यंत वर आली नाही. गाडी ज्ञानदाने चालवली. तो मागे बसला, पिशवी मांडीवर घेऊन. पेल्याला ओरखडासुद्धा नाही.

१९ फेब्रुवारी

भिंतीवरचं कॅलेंडर चष्मा लावून पाहिलं. चाळीस वर्षं त्याच्यावर गॅसच्या टाकीच्या तारखा लिहितेय. आकड्याखाली बारीक अक्षरं असतात, ती कधी वाचली नाहीत. पाचवर आहे: माघ शुद्ध अष्टमी.

त्या दिवशी अनंतसाठी मी काय केलं? चहा गाळला आणि ओतून दिला.

अंबूबाईला पेल्याचं सांगितलं. "मी म्हनलंच हुतं न्हवं, मी न्हाई फोडला!" दिवसभर भांडी आपटत होती. हक्क आहे तिचा.

२० फेब्रुवारी

जोतिबाला निरोप धाडला. ड्रायव्हर म्हणून नाही. गाडी पुसायला आणि शेजारी बसायला.

१७ मार्च

नाव बदलायचा फॉर्म दिला. बाईने तपासून सांगितलं, "एक कागद कमी आहे, सोमवारी या." आज सोमवारच होता!  रांगेतल्या बायकांकडे बघवेना.

९ एप्रिल

नवी आरसी आली. मालक, मी. जुनी परत मागितली, नुसती आठवण म्हणून. "तशी देत नाहीत, मॅडम." मीही कुणाला मूळ पॉलिसी परत दिली नव्हती.

गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या जागेवर. पहिल्यांदाच. सीट अनंतच्या पायांच्या मापाने मागे ठेवलेली. जोतिबाचे पाय आखूड, पण त्याने दोन वर्षं ती पुढे घेतली नव्हती. टोकावर बसून चालवायचा!

२ जून

अडुसष्टाव्या वर्षी शिकाऊ परवाना. डॉक्टर म्हणाले, "कशाला आता, काकू?" म्हटलं, माझा ड्रायव्हर पितो.

१८ जून

ड्रायव्हिंग स्कूलची प्रांजल वयाने माझ्या नातीएवढी. "काकू, क्लच! काकू, तो ब्रेक होता!" विश्रामबागेतल्या म्हशींनीसुद्धा आज मला ओळखलं. जोतिबा फाटकातून बघत होता. म्हणाला, "सायेब असतं तर उतरून चालत आलं असतं." उद्धट!

सीट मात्र मी पुढे घेतली. घ्यावीच लागली.

२२ ऑगस्ट

पास! परीक्षकाने विचारलं, आता कुठे जाणार गाडी घेऊन? म्हटलं, वाईला. जानेवारीत.

२५ जानेवारी, रविवार

उद्या अष्टमी. बारीक अक्षरं वाचून ठेवली होती. उद्या दुकानं बंद, पण कॅन्टीनची बाटली घरात आहे. सोनेरी कडेचा पेला वर्तमानपत्रात गुंडाळला. जोतिबाला बजावलं, तू तुझा घे, साहेबांचा तुला मिळणार नाही. गेल्या साली काय झालं माहीत आहे ना?

"मग त्यो घ्यायचा कुनी?"

बघू, म्हटलं.

२६ जानेवारी

येताना साताऱ्याच्या नाक्यावर अडवलं, गेल्या साली जोतिबाला धरलं तिथेच. तोच तानाजी हवालदार. सवयीने यंत्र जोतिबापुढे धरलं. म्हटलं, गाडी मी चालवतेय, इकडे धरा. हसत हसत धरलं. मग आकडा बघून हसायचा थांबला. अकरा. मर्यादा तीस असते, हे मीच त्याला सांगितलं.