रक्ताच्या नात्यात कुणाला

४ मार्च
"कितवा महिना?" — आज पुन्हा! ड्रेसचं माप द्यायला आलेली बाई. टेप माझ्या हातात, तिच्या कमरेभोवती, आणि विचारते कसली गोड आवाजात! म्हटलं, "जुळी आहेत. अकरा वर्षांची." ती ओशाळली, मी हसले. मग कटिंग टेबलामागे जाऊन उगाच कात्री पुसत बसले.
ठरलं. उद्या दवाखान्यात फोन.

९ मार्च
सर्जनबाई भेटल्या. पन्नाशीच्या, तोंडावर बोलणाऱ्या. पोटाची लोंबती कातडी बोटांत धरून पाहिली — मी ताग्याचं कापड पाहते तशी. म्हणाल्या, जुळ्यांच्या वेळी मधले स्नायू फाकले ते परत मिटलेच नाहीत, म्हणून पाठ दुखते. घडीखाली उन्हाळ्यात जखमा होतात हेही न सांगता ओळखलं. रडूच आलं. इतकी वर्षं सगळे एकच सांगायचे — कमी खा!

मग मात्र त्यांनी एकेक ऐकवायला सुरुवात केली. ही जादा कातडी कापून स्नायू शिवायची शस्त्रक्रिया, वजन कमी करायची नाही. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत व्रण, जन्मभराचा. आणखी मूल नको असेल तरच. आठवडाभर कमरेत वाकून चालायचं, पोटातून दोन नळ्या, सहा आठवडे पट्टा. जड काही उचलायचं नाही. "कापडाचे तागे?" "ताग्यांचं नावच काढू नका. घरातली बादलीसुद्धा नाही." सिगारेट? ओढत नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या? घेते.
त्या बंद करायच्या, म्हणाल्या. गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. पायात होतात, तिथून फुफ्फुसात गेल्या तर माणूस मिनिटांत जातो.
असं सरळ! मी पाणी मागितलं.
घरी भरायला फॉर्म दिलाय. तारीख — २२ एप्रिल.

११ मार्च
नवरा: "मला तू आहेस तशीच आवडतेस."
मी: "मला नाही ना आवडत!"
त्यानं दिवा मालवला. मग — "भीती वाटते गं. बाकी काही नाही."
हे आधी बोलला असता तर आठवडाभराचा अबोला वाचला असता.

१४ मार्च
फॉर्म अडला. प्रश्न चौदावा: रक्ताच्या नात्यात कुणाला गुठळी झाली होती का? कुणाचा अचानक मृत्यू?
आई.
ती गेली तेव्हा मी सात वर्षांची, धाकटी बहीण बारा दिवसांची. "हृदय बंद पडलं" एवढंच ऐकलंय. आणि आत्याचं ते वाक्य, पाहुण्यांसमोर — "पांढऱ्या पायाची ही. आईला गिळून आली." धाकटी चार वर्षांची होती. तिनं खाली वाकून स्वतःचे पाय पाहिले होते. मी विसरले नाही. तीही विसरली नसणार. वाढदिवसाचा केक आजवर कापू दिलेला नाही तिनं. आता स्वतःच सहा महिन्यांची गरोदर आहे, आठ तासांच्या प्रवासावर राहते, आणि फोनवर सारखं हसते. जरा जास्तच हसते.
चौकोन रिकामा ठेवला.

१५ मार्च
बाबांना विचारलं. वर्तमानपत्र खाली न घेता — "हृदय. किती वेळा सांगू?"
किती वेळा? एकदाच सांगितलंय! आयुष्यभर गणित शिकवलं, पोरांकडून रीत मागितली. स्वतः मात्र नुसतं उत्तर देतात.

२० मार्च
सर्जनबाईंनी फॉर्म परत माझ्यासमोर सरकवला. "'माहीत नाही' मला चालणार नाही. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी तरुण बाई अशी जाते, तेव्हा मी आधी गुठळीच धरून चालते. विचारा घरी. तोवर मी हात लावणार नाही." रक्तही तपासायला घेतलं.

२३ मार्च
बाबांच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं. फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला. "मला भूल देणार आहेत, बाबा. मला खरं हवंय."
चौदावा प्रश्न वाचत राहिले. चष्मा काढला. मग बोलले ते एका दमात.
आईचा डावा पाय सुजला होता. दुखतो म्हणायची, जरा फिरून बघते म्हणायची. बाबा तिला पलंगावरून खाली पाय ठेवू देत नव्हते — पाणी हातात, जेवण हातात. कौतुकानं! बाराव्या दिवशी ती उठून खिडकीपाशी गेली. धाप लागली. खाली बसली. संपलं. डॉक्टर नंतर म्हणाले, पायातली गुठळी फुफ्फुसात गेली.
"मीच निजवून ठेवलं तिला," बाबा म्हणाले. "मीच."
त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी असा संताप आला! "आणि आत्या धाकटीला बोलत होती तेव्हा?"
"तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं."
म्हणजे चार वर्षांच्या पोरीच्या आड लपलात! — हे तोंडातून निघालं नाही. इथे लिहितेय.

२४ मार्च
निघालं. सगळं बोलले. बाबा "हो" म्हणाले. फक्त हो.

३० मार्च
माझा रिपोर्ट आला. रक्त लवकर गोठण्याचा दोष, जन्मापासूनचा. आईकडूनच आला असणार.
सर्जनबाई म्हणाल्या, शस्त्रक्रिया अगदीच अशक्य नाही. आधी रक्ताच्या डॉक्टरांना भेटायचं, इंजेक्शनं घ्यायची, त्याच दिवशी उठून चालायचं. पण धोका वाढलाय. "तुमचा त्रास खरा आहे. घाई मात्र नाही. विचार करा." मी पर्स घेऊन उठले, तर म्हणाल्या, "बसा. भावंडं?"
"एक बहीण. सातवा महिना आहे."
त्यांनी पेन खाली ठेवलं. "आज फोन करा. उद्या नको. आज."

३० मार्च, संध्याकाळी
मी नंबर लावला. बाबांनी हात पुढे केला — "मी सांगतो." फोन स्पीकरवर. पाय सांगितला, पलंग सांगितला, गुठळी सांगितली. आत्याचंही सांगितलं. "मी तेव्हा गप्प बसलो, बाळ."
मग धाकटीचा आवाज, एवढासा —
"म्हणजे… माझ्यामुळे नाही?"
बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन घेतला. "नाही गं. कधीच नव्हतं. आता ऐक, सकाळी पहिलं काम, तुझ्या डॉक्टरांकडे जायचं, रक्त —"
"ताई, थांब जरा. एक मिनिट थांब."
थांबले. किती वेळ रडली कोण जाणे. मी फोन कानाला लावून उभी.

२ एप्रिल
धाकटीच्या रिपोर्टची वाट बघतेय. आज एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या! दुकानाच्या मालकीणबाई म्हणाल्या, "घरी जा. आज कात्रीला हात लावू नकोस."

३ एप्रिल
काही नाही. फोन चार्जिंगला लावून त्याच्याकडे बघत बसले. बाबांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा दारातूनच परत गेले.

६ एप्रिल
धाकटीचा रिपोर्ट आला. तिलाही आहे. शिवाय पोटरीत छोटी गुठळी सापडली — "पाय जड होतात, गरोदरपणात होतातच ना सगळ्यांना!" म्हणून कुणाला बोललीच नव्हती. कालपासून इंजेक्शनं सुरू. तिचे डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.
२२ तारीख मी रद्द केली. धाकटीकडे जायला बॅग भरतेय. बाबा आधीच बूट घालून दारात उभे आहेत.