पाण्यातलं वजा

प्रिय चिमणे,

उद्याच्या बैठकीआधी तू अहवालातली, दाबलेल्या पाण्याच्या ऊर्जेपुढची सगळी वजा चिन्हं पुसणार आहेस, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे. ताई रडत होती. तिला चहा प्यायला सांगून मी फोन ठेवला आणि तू रविवारी इथे विसरलेले कागद घेऊन बसले.

तुझे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले म्हणे, पाणी दाबलं आणि ऊर्जा घटली? मॅडम, टाकी गळतेय का तुमची? हसणारे हसले. हसायला आकडेमोड लागत नाही. आठवतं, सायकलमध्ये हवा भरताना पंप तापला, तर चाक तसंच सोडून तू 'मावशी, असं का' करत माझ्या मागे लागली होतीस? मला कामावर उशीर झाला होता, उत्तर राहून गेलं. साध्या तापमानाचं पाणीही दाबलं की किंचित तापतंच. पण तुझ्या अहवालात आहे तसं, त्याचं तापमान वाढू द्यायचं नसेल, तर ती उष्णता बाहेर काढावी लागते, आणि दाबताना आपण जेवढी ऊर्जा घालतो त्याहून जास्त बाहेर जाते. मग शिल्लक वजाच येणार. साहेबांना एवढंच सांग, आवाज न चढवता.

आता तुझी चूक. एक अंश तापमानाच्या ओळीतही तू सवयीनं वजा ठोकलं आहेस. चार अंशांखालचं पाणी उलट्या डोक्याचं. थोडं दाबलं तर ते उष्णता देत नाही, घेतं. तिथे शिल्लक वाढते, अधिक चिन्ह हवं. ती ओळ स्वतःहून दाखव, कुणी बोट ठेवण्याआधी. बाकीच्या वजांना हात लावायचा नाही.

तुझे साहेब पंपांच्या विभागात माझ्याच हाताखाली तयार झाले. माझ्या एका फोनवर मुकाट्यानं मान डोलावतील. ताईचा तोच हट्ट चालला आहे. मी फोन करणार नाही. केला, तर ती चिन्हं माझी होतील आणि पुढच्या वेळीही तू माझ्याच तोंडाकडे बघशील. म्हणून तुला पत्र, त्यांना काही नाही.

तुझीच, आणि उद्या दिवसभर घरीच असलेली,
मावशी

ताईच्या हाती दिलं: तुझे सगळे कागद, पाण्या-वाफेचे माझे जुने तक्ते, पुठ्ठा सुटलेले, तुझी पेन्सिल, टोक काढून. खोडरबर दिलेला नाही. वजाचं अधिक करायला एक उभी रेघ पुरते.