कागदाच्या पाठीवरचा आलेख

६ जाने.
डब्यातून काटेरी चाक काढलं आणि नलू आठवली. कॉन्व्हेंटचा शिवणाचा तास, एका बाकावर आम्ही दोघी बहिणी, चाक एकच. ती फूल काढायची, मी पान. सिस्टर म्हणायच्या, "गर्ल्स, शेअर!" नलू गेली, चाक माझ्याकडे आलं. आता रबरी पाटीवर कागद ठेवून त्यानेच सानिकासाठी रेघा उठवते. नववीत आहे. दिसत नाही, बोटांनी वाचते. त्रिकोण झाले. आजपासून आलेख.

८ जाने.
सा. हट्टी. बिंदू उणे तीनवर म्हणते.
"अगं, अधिक तीन. नीट बघ."
"मिस, नीटच बघतेय. तुम्ही चष्मा लावा."
आगाऊ कार्टी! हसू आलं.

१३ जाने.
चाचणीत आलेख सगळे चुकले. शाळेसाठीही उठावाचे कागद मीच करून देते. तिची आई सुरेखा गोडदेवहून आली, बसलीसुद्धा नाही. "मिस, हेडमॅडम बोलल्या, दहावीला गणित सोडा, अंध मुलांना सवलत आहे, सोपा विषय घ्या."
सा. दारातूनच, "मी नाही सोडणार."
चाचणीचा कागद मी ठेवून घेतला.

१४ जाने.
सुरेखाने तिळगूळ पाठवला. खाता खाता डोळे मिटून चाचणीचा कागद चाचपला. बिंदू डावीकडे! चाक पुढून फिरवते, रेघ मागे उठते. कागद उलटला की उजवं ते डावं. त्रिकोणांत फरक कळला नाही. जन्मभर फळ्यावर शिकवलं, फळ्याला पाठ कुठे असते?
पोर बरोबर होती.

१६ जाने.
हेडमॅडमना कागद दाखवला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा चाचणी, मग ठरवू म्हणाल्या. सा.ला सॉरी म्हटलं.
"नुसतं सॉरी? कॅडबरी पायजे."
शुक्रवारीच माझी बायपास. तिला सांगितलं नाही.

२१ जाने.
उद्या ॲडमिट. बॅग भरली. ऑपरेशनचं सुरेखाला ठाऊक आहे, सा.ला ती चाचणीनंतर सांगेल.
चाचणीचे कागद आकृती उलटी काढून केलेत, डोळे मिटून तपासलेत. पाकीट बंद, फक्त हेडमॅडमच्या हातात.
चाक सा.ला. माझं काही झालं तर नव्हे, आत्ताच.
रबरी पाटी सुरेखाला. उलटं काढायला शिकवलंय. आकृत्या आता तिनेच काढायच्या.
भरतकामाची रिंग नलूच्या मुलीला, मीनूला.
तिळगुळाचा डबा सुरेखाचा. रिकामा देऊ नये. आत कॅडबरी आहे, ती सा.ची, निकाल काहीही लागो.
निकाल सा.नेच मला सांगायचा. शुद्धीवर असले तर लगेच. नसले तर थांबायचं, आणि मी डोळे उघडले की आधी तेच सांगायचं.