उशिरा आलेलं स्थळ

ता. ४, सोमवार
आज आलं: भिंतीवरचं घड्याळ – नव्वद. बिस्किटांचा पुडा – तीन. धुण्याचा साबण – दोन.
घड्याळ ह्यांनी आणलं. "एकशेतीसचं होतं, चाळीस वाचवले!" वाचवले म्हणे! जुनं दहा रुपयांत दुरुस्त झालं असतं. सवलतीची पाटी दिसली की ह्यांची अक्कल गहाण. असो. ह्यांना रोज कामावर उशीर होतो, म्हणून काटा पाव तास पुढे सारून ठेवला. कुणाला बोलले नाही. सांगितलं तर उपयोग काय!

ता. १०, रविवार
थोरलीला बघायला चष्म्याच्या दुकानातला मुलगा आला, मामांना घेऊन. वेळ पाचची – आले सव्वापाचला! पहिल्याच भेटीला ही तऱ्हा, मग संसाराला कसली शिस्त? त्यानंतर सगळंच दिसत गेलं. बोलतो हळू – झोपाळू. बिस्किट एकच घेतलं – शिष्ट. हे म्हणतात, "दोन घेतली असती तर हावरट म्हणाली असतीस." ह्यांना माणूस कधी ओळखता आलाय?

ता. ११, सोमवार
थोरली कधी नव्हे ती बोलली. "आई, मला आवडलाय तो. आणि वेळेवरच आला होता." घ्या! मन बसलं की घड्याळही दिसेनासं होतं.
देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. होकार निघाला. घडी नीट पडली नव्हती, पुन्हा टाकल्या. पुन्हा होकार! तिसऱ्यांदा देवाने बरोबर सांगितलं. मामांना नकाराचं पत्र टाकलं.
थोरली जेवली नाही. नखरे.

ता. १४, गुरुवार
सकाळी देवळात गेले तर दार बंद! रखवालदार म्हणतो, "मावशी, अजून अवकाश आहे." देवाच्या दारीसुद्धा आळशी भरलेत.

ता. १७, रविवार
चहा घेताना हे खुशीत होते. "घड्याळ गुणाचं आहे हं! आल्यापासून रोज वेळेआधी पोचतोय. साहेब विचारतात, घरातून हाकललं की काय?"
मी हसले. आणि हसता हसता वर भिंतीकडे बघितलं.
थोरली मान खाली घालून कपबशा विसळत होती.

ता. १८, सोमवार
चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सरळ मामांना पत्र लिहिलं. 'आमच्या घड्याळात दोष' असं आधी लिहिलं – खोडलं. मग लिहिलं: काटा मीच पुढे केला होता. चिरंजीव वेळेवर आले होते. आमच्या मुलीच्या मनात तेच आहेत. दुसरीकडे ठरलं नसेल, तर कृपा करून उलट टपाली कळवा.