चुंबकाजवळ जायचं नाही

३ फेब्रुवारी

पेसमेकर! डॉक्टरांनी असं सांगितलं, जणू चष्म्याचा नंबर वाढलाय. "ठोके मधूनमधून गळतायत. याच आठवड्यात बसवून टाकू." मी म्हटलं, मी अंड्युलेटरचे, म्हणजे इलेक्ट्रॉन झुलवून प्रकाश काढणाऱ्या यंत्राचे, चुंबक जुळवतो हो. तर म्हणाले, "मग दुसरं काम बघा. बसवल्यावर चुंबकाजवळ जायचं नाही. कायमचं."

कायमचं! आणि यंत्र? ते काय अर्धवट टाकू? हिला सांगितलं, अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात. हिने लगेच खरं मानलं. वाईट वाटलं.

७ फेब्रुवारी

मोजणीबाईंनी आलेख दाखवला. (फटीतून सुई सरकवत चुंबकांचा जोर मोजणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. माझ्याहून लहान, पण दरारा सासूचा.) "दादा, तुमचा हा एक चुंबक अजून आळस देतोय!"

वर चुंबकांची एक रांग, खाली एक रांग, उत्तर-दक्षिण आलटून पालटून. मधल्या फटीतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणार — डावीकडे, उजवीकडे झुलत. झुलला की प्रकाश फेकणार. आणि तो एक झोका पुरा करतो तोवर त्याचाच प्रकाश त्याच्यापुढे सटकतो, फक्त एका लहरीएवढा! म्हणून तर सगळ्या झोक्यांचा प्रकाश एकमेकांत बसतो, जोर धरतो. झोका दोन बोटांचा, लहर अणूएवढी बारीक. इतकी वर्षं झाली, तरी नवल सरत नाही.

पण एक चुंबक कमजोर निघाला की ताल गेला, प्रकाश फिका. मग मी कागदासारख्या लोखंडी पट्ट्या चिकटवत बसतो. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही — हा माज आहे, माहीत आहे मला.

१९ फेब्रुवारी

जिन्यात अंधारी आली. डॉक्टरांचा फोन उचलला नाही.

४ मार्च

"आरशात बघा जरा. पांढरेफटक पडलायत!" — ही. मी खेकसलो. उगाच. आता थोडंच राहिलंय. ते संपलं की जातोच.

११ मार्च

तो आळशी चुंबक बदलायचा होता. हे चुंबक बटण दाबून बंद होत नाहीत, सदा ओढतच असतात. मी पितळी शिकंजा धरायचा, बाईंनी ठोकळा सरकवायचा. शंभरदा केलंय. आणि मध्येच — काहीच नाही. डोळे उघडले तर मी फरशीवर, आणि बाई किंचाळतायत. शिकंजा सुटला होता. दोन ठोकळे एकमेकांवर आदळले, मध्ये त्यांचा उजवा हात.

देवा, मी काय करून बसलो!

१२ मार्च

दोन बोटं गेली.

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "आधी बोलला असतात तर त्या बाईचा हात वाचला असता ना हो?"

१७ मार्च

पेसमेकर बसवला. खांद्याखाली ठणकतंय. चौकशीवाले खाटेपाशी आले. बाईंनी लिहून दिलंय म्हणे, "माझाच हात घसरला. दादा मला सोडवायला धावले, तेव्हा पडले."

"असंच झालं ना?"

मी "हं" म्हणालो. हं! थू माझ्यावर.

२६ मे

आज प्रकाश आला. मला कंट्रोल रूमपर्यंतच परवानगी, यंत्र जाड भिंतीपलीकडे. तो शेवटचा चुंबक हाताखालच्या पोरांनी बसवला, मी इथूनच सांगत गेलो. रांगांमधली फट मिटत गेली आणि पडद्यावर आलेखाचं शिखर उभं राहिलं — एकच, सुईसारखं. टाळ्या! साहेबांनी मला मिठी मारली. सगळ्यांदेखत म्हणाले, बाईंच्या निष्काळजीपणानंतरही दादांनी काम तडीस नेलं. बाई मागे उभ्या होत्या. ऐकत होत्या.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या त्यांचे पाय धरणार. मग साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगणार.

२७ मे

गेलो. त्यांनी बोलूच दिलं नाही. "दादा, मला जानेवारीपासून ठाऊक होतं. वाक्याच्या मध्येच थांबायचात तुम्ही, ओठ निळे पडायचे. वहिनींना एक फोन करायचा होता फक्त. नाही केला. तुम्ही घरी बसला असतात तर पट्ट्या कुणी लावल्या असत्या? मलाही यंत्र पुरं व्हायला हवं होतं हो!"